पेवातलं गाणं

खंजिरी बोलतेय मी. भजनातली वस्तू आहे म्हणून काही गोड ऐकायला मिळेल, अशी आशा धरून बसू नका. ज्यांनी मला साठ वर्षं वाजवली ते बापूजी जन्मभर क्षमेची गाणी गायले. मी त्यांच्या हातात होते, पण त्यांच्या मताची नव्हते.

माझं कडं शिवणीच्या लाकडाचं. वांकिडीच्या बाजारात एका म्हाताऱ्या वाजंत्र्यानं ते कोरलं, त्यात पितळेच्या चकत्या बसवल्या आणि वरून घोरपडीचं कातडं ताणून मढवलं. त्या काळी तसंच करत. आता घोरपड मारणं गुन्हा आहे, आणि ते बरंच झालं. पण कातड्याचा गुण माझ्यात उतरायचा तो उतरलाच. घोरपड कड्याला चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. माझंही तसंच. धरलं ते धरलं.

बापूजींनी मला घेतलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. बाप्तिस्म्यात त्यांना शिलास हे नाव मिळालं होतं, ते प्रार्थनाघराच्या वहीतच राहिलं. गाव त्यांना बापूजीच म्हणे. मराठी-तेलुगू सीमेवरच्या बोथपासून दोन कोसांवर नाल्याच्या काठी त्यांची चार एकर काळी जमीन. कपाशी आणि ज्वारी. सकाळी औत, संध्याकाळी मी. औताला मी नसायचे, तरी बैलांना गाणी पाठ झाली होती. तिसऱ्या कडव्याला औताची फेरी संपते हे त्यांना इतकं ठाऊक, की बापूजी मध्येच गाणं विसरले तर बैल उभे राहत.

वाजवायच्या आधी ते मला शेकायचे. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, चार काड्या पेटवून, त्यावर हातभर उंच धरून, हळूहळू फिरवत. मग बोटानं टिचकी मारून कान लावायचे. मनासारखा आवाज आला की म्हणायचे, "उठली." जणू मी झोपले होते.

आसपासच्या सगळ्या गावांत त्यांना बोलावणं असायचं. नाताळला, कापणीच्या सणाला आणि सगळ्यात जास्त मयतीला. मयत कोणाची का असेना. बौद्ध वस्तीतले मास्तर येत, पाटलांच्या घरचे येत, म्हणत, "बापूजी, तुमी दोन गाणी म्हणा, बायका रडून तरी मोकळ्या होतील." ते जात. बोथला तेलुगूतही गात. उच्चार असे करत की तिथले लोक तोंडाला रुमाल लावत, पण शेवटी डोळ्यांनाही तोच रुमाल लावत.

माणसांचं मी एक पाहिलंय. टाळ्या वाजवताना सगळे पुढे धावतात. ठेका कोणालाच सांभाळायचा नसतो, लवकर पोचायचं असतं. बापूजी मला किंचित जोरात वाजवून त्यांना मागे आणायचे. रागावले मात्र कधी नाहीत.

त्यांना आणि तुळजाबाईंना एकच मूल होतं. सुनयना. वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या ओळीत तिला घोणस चावली. बापूजींनी बैलगाडी जुंपली, पण बोथचा दवाखाना येण्याआधीच तिनं मान टाकली. नऊ वर्षांची होती.

चाळीस गावच्या मयतींना गाणारा माणूस आपल्या मुलीच्या वेळी नुसता उभा राहिला. मी खुंटीवर होते. कोणी मला खाली काढलं नाही.

पुढच्या महिन्यात पेव उघडायची वेळ आली. तुमच्यापैकी पुष्कळांनी पेव पाहिलं नसेल. जमिनीत खोल खड्डा घेऊन, कडबा लावून त्यात ज्वारी ओततात आणि वरून माती लोटून तोंड बंद करतात. वरून पाहणाऱ्याला तिथं काही आहे असं वाटतही नाही. बापूजींनी तोंड उघडलं, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली आणि हात घातला. ज्वारी उबदार होती. ते तसेच पालथे पडून राहिले, खांद्यापर्यंत हात आत घालून. तुळजाबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, पेवातली विषारी हवा लागली. पण बापूजी गुणगुणत होते. उठले, घरात आले, मला काढलं, शेकलंही नाही, आणि गायले:

*पेवात ठेव मले, देवा, पेवात ठेव,*
*वरून लोट माती, पण जागा ध्यानात ठेव.*
*पीक आलं, पीक गेलं, पाऊस येऊन गेला,*
*तुह्या हातचा दाणा, देवा, अजून नाही मेला.*

चार कडवी होती. शेवटचं असं:

*नऊ सुगींचं कणीस माझं हिरवंच खुडून नेलं,*
*सुनयनाचं नाव, देवा, तुह्याच पदरी दिलं.*

तुळजाबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. मुलगी गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा त्या रडल्या. त्यानंतर तीस वर्षं बापूजींनी हे गाणं घरात, शेतात आणि गावच्या प्रार्थनाघरात म्हटलं. मयतीला म्हणायचे तेव्हा शेवटच्या कडव्यात सुनयनाच्या जागी त्या घरच्या गेलेल्या माणसाचं नाव घालायचे आणि घरी परतताना वाटेत पुन्हा एकदा तिच्या नावानं म्हणायचे. म्हणजे तिला वाईट वाटू नये.

आता प्रितमचं सांगते. हे नाव घेताना माझ्या चकत्या अजून वाजतात.

प्रितम म्हणजे तुळजाबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. सुनयना गेल्यावर सात वर्षांनी जन्मला. हैदराबादेत शिकून, कीबोर्ड घेऊन बोथला परतला, तेव्हा चांगला पंचविशीतला होता. गळा गोड. ते मी नाकारत नाही. एक उन्हाळाभर तो रोज मोटारसायकलवर यायचा, ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "मावसाजी, आणखी एक." बापूजी गायचे, तो फोनमध्ये भरून घ्यायचा. तुळजाबाई त्याला आंबील करून द्यायच्या. बापूजी म्हणायचे, "चला, कोणीतरी पुढं नेईन." उन्हाळा संपला तसं त्याचं येणं संपलं.

तीन वर्षांनी भैंशाला मोठा ख्रिस्ती मेळावा भरला. जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानात मांडव, हजार-दीड हजार माणसं. जुने गायक म्हणून बापूजींना एक गाणं म्हणायला बोलावलं. तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढे होते. स्वच्छ धोतर नेसले, मला पिशवीत घातलं, तुळजाबाईंना बरोबर घेतलं. मांडवात पोचलो तर स्टेजवर प्रितम, पांढऱ्या सदऱ्यात, कीबोर्डपुढे.

बापूजींनी 'पेवात ठेव मले' म्हणून सूर लावला. आणि समोरची सगळी माणसं एकदम गाऊ लागली. बापूजींचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, गाणं इथवर आलं. मग शब्द ऐकू आले. माणसं म्हणत होती, "प्रेमात ठेव मला, देवा, प्रेमात ठेव." बापूजी थांबले. पुन्हा 'पेवात' म्हणाले. पुढच्या रांगेतली पोरं हसली. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक स्टेजवर आला आणि अदबीनंच त्यांच्या कानात म्हणाला, "बाबा, चुकून राह्यले तुमी. प्रितमभाऊचं गाणं हाय ते. प्रेमात म्हणा."

माणसं थांबली नव्हती. ती शेवटच्या कडव्यावर आली होती. दीड हजार तोंडांतून मी ते ऐकलं:

*नऊ सुगींचं कणीस माझं हिरवंच खुडून नेलं,*
*दास प्रितम म्हणे, देवा, तुझ्याच पदरी दिलं.*

माझ्या सुनयनाला काढून तो तिथं बसला होता.

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यापुढे माईक होता. 'गाणं यांचं आहे' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यानं मान खाली घालून कीबोर्डच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि मग हसून म्हणाला, "आमचे मावसाजी. वय झालं आता. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी." टाळ्या वाजल्या. बापूजी स्टेजवरून उतरले. हसणाऱ्या माणसांपुढे मेलेल्या पोरीचं नाव कसं घ्यायचं?

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला मांडीवर पालथी ठेवली होती. तुळजाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "त्याले मी आंबील पाजली."

त्या दिवसापासून बापूजींनी एक गोष्ट सोडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थनाघरात प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. पाळकसाहेब ताट घेऊन आले, की बापूजी मान हलवत आणि ताट पुढे जाई. लोकांना वाटलं, दात गेले, गिळता येत नसेल. असं सात वर्षं चाललं. गाणी मात्र म्हणत. क्षमेचीही म्हणत.

एकदा तुळजाबाईंनी विचारलं, "काऊन घेत नाही तुमी?"

"भावाशी वैर असन तं आधी ते मिटव, मंग वेदीपाशी ये, असं लिहिलं हाय."

"मंग मिटवा."

"नाही मिटत." मग म्हणाले, "तोंडानं माफ केलं म्हणतो, अन् आतून शिव्या देऊन राह्यलो. खोटं बोलून खाऊ काय ते?"

हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. दुपारी शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ते मला वाजवायचे, गाणं न म्हणता. नुसती थाप. प्रत्येक थापेला हिरड्या आवळून एक नाव. मला ते फार आवडायचं. साठ वर्षांत मी इतकी खणखणीत कधी वाजले नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात प्रितम दारात आला. बरोबर दोन माणसं, कॅमेरा, दिव्यांचा स्टँड. गाणं भरून दहा वर्षं झाली होती, त्याचा कार्यक्रम त्याला मोबाईलवर दाखवायचा होता. म्हाताऱ्या मावसाजींनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, एवढंच.

तुळजाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "चालता हो दारातून."

"मावशी, पाचच मिनटं."

"येऊ दे त्याले," बापूजी आतून म्हणाले.

माझा जीव गेला. मला वाटलं, म्हातारा विरघळला. पण ते उठले, अंगणात पऱ्हाटी पेटवली आणि मला शेकू लागले. फार वेळ शेकलं. टिचकी मारून पाहिली आणि पुन्हा शेकलं. मग खाटेवर येऊन बसले. त्र्याऐंशी वर्षांचे होते.

"हे आताच्या आता दिसून राह्यलं काय लोकायले?"

"हो मावसाजी. नागपूर, हैदराबाद, दुबईपर्यंत लोक पाहून राह्यले."

"मंग मागून कापता नाही येत?"

"नाही. लाईव्ह हाय."

"बरं झालं," बापूजी म्हणाले.

त्यांनी थाप टाकली आणि गायले. 'पेवात ठेव मले.' चारही कडवी. सुनयनाच्या नावापाशी थांबले, मला मांडीवर ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे न पाहता प्रितमला विचारलं, "पेव पाह्यलं काय तू?"

प्रितम हसला. "नाही मावसाजी."

"सुनयना कोण होती?"

त्याचं हसू गेलं. "माझी बहीण. मावशीची पोरगी."

"काय झालं तिले?"

"साप चावला."

"तिचं नाव काढून गाण्यात कोणाचं टाकलं?"

कॅमेरावाल्यानं हात पुढे केला, बहुतेक बंद करायला. तुळजाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "चालू राहू दे," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही. त्याचा हात मागे गेला.

 प्रितमला पळता आलं असतं. तो बसून राहिला. "माझं," तो म्हणाला.

"बस. एवढंच." बापूजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हा घे आशीर्वाद."

तुम्हाला काय वाटेल ते वाटो, मी त्या क्षणी तृप्त झाले. ते चित्रण दोन दिवसांत जिकडेतिकडे झालं. दोन मेळाव्यांनी यादीतून प्रितमचं नाव काढून टाकलं. बोथच्या बाजारात पोरं त्याला पाहून 'दास प्रितम म्हणे' म्हणू लागली. घरी माणसं येऊन बापूजींचे पाय धरू लागली. चार दिवस बापूजी पोटभर जेवले. झोपताना आपल्याशीच हसायचे. तुळजाबाई म्हणायच्या, "असे हासतानी तं मी तुमाले लग्नात बी नाही पाह्यलं."

पाचव्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार आला. पाळकसाहेब ताट घेऊन समोर थांबले. बापूजींनी हात पुढे केला. भाकरीच्या तुकड्याला बोट लागलं, आणि हात मागे आला.

घरी येताना तुळजाबाईंना राहवलं नाही. "आता काय राह्यलं? बदला तं घेतला."

"त्याच्यानंच," बापूजी म्हणाले. "आधी मी नुसता जळत होतो. आता मले मजा येऊन राह्यली. त्याचं लेकरू शाळेतून रडत आलं म्हणून कोणी सांगितलं, तवा बी मजा आली. लेकराची, तुळजा."

दुसऱ्या दिवशी ते बसमध्ये बसून बोथला प्रितमच्या घरी गेले. मला कशाला नेलं, कोण जाणे. सवयीनं पिशवी उचलली असेल. दार प्रितमच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं उघडलं. तिनं त्यांना ओळखलं आणि दारातच डोळ्याला पदर लावला. प्रितम आत अंधारात बसला होता. दाढी वाढलेली. कीबोर्डवर चादर टाकलेली.

"मावसाजी, माफी द्याले आले?" त्यानं विचारलं.

"नाही. मांगाले आलो." बापूजी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "मी तुले लोकायसमोर नागवा केला ते खरं बोलून केला, त्याची माफी नाही मांगत. पण घरी येऊन चार दिस हासलो. त्याची मांगतो."

 प्रितम म्हणाला, "पेव आता कोणाले कळते, म्हणून त्याचं 'प्रेम' केलं. ते तेवढं समजून घ्या. पण नाव... नाव मी जाणून बदललं. मले ठाऊक होतं ती कोण होती. वाटलं, तुमी काही म्हणणार नाही. तुमी कोणालेच काही म्हणत नाही."

मी पिशवीत होते. जाणून, म्हणाला तो. माझं कातडं असं ताणलं गेलं की शेकायची गरज नव्हती. मला वाटलं, आता बापूजी उठतील. ते उठले नाहीत. भाग्यलक्ष्मीनं आणलेला चहा त्यांनी बशीत ओतून पूर्ण प्याला आणि म्हणाले, "तिचं नाव परत घाल."

"घालतो."

"मंग झालं."

कसं झालं? मला कोणी विचारलं? पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बापूजींनी भाकरीचा तुकडा घेतला, दात नव्हते तरी चावून चावून खाल्ला. तुळजाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सगळे सुखी झाले. मी खुंटीवर टांगलेली राहिले.

यंदाच्या पहिल्या वेचणीला बापूजी शेतात गेले. दुपारी कापसाच्या गाठोड्याला टेकून बसले ते बसलेच. तुळजाबाई भाकर घेऊन गेल्या तेव्हा ओंजळीत कापूस होता.

सुनयनाच्या शेजारी जागा खणली. चाळीस गावांची माणसं आली, ज्यांच्या घरच्या मयतींना ते गायले ती सगळी. गाणार कोण? प्रितम आला होता, कॅमेऱ्याशिवाय, मागे उभा. तुळजाबाईंनी मला स्वतःच्या हातानं त्याच्याकडे दिलं. "वाजव. ते म्हणत होते तसं."

त्यानं मला शेकलं, त्या उन्हाळ्यात बापूजींनी शिकवलं होतं तसंच. सूर लावला. 'पेवात ठेव मले' म्हणाला. एक शब्द चुकला नाही. माणसं हुंदके देऊ लागली. मी वाजत होते, कारण खड्ड्याशेजारी बापूजी होते. मग शेवटचं कडवं आलं. त्यानं 'सुनयनाचं' म्हटलं आणि थाप टाकली, आणि मी फाटले. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळ्यांना ऐकू येईल अशी.

लोक म्हणाले, जुनं कातडं, कोरडी हवा, जरा जास्त शेकलं गेलं. म्हणू देत. मला ठाऊक आहे मी काय केलं. तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं, त्याला मी ठेका देणार नव्हते.

माझी समजूत होती की तो थांबेल. भैंशाला बापूजी थांबले होते तसा, सगळ्यांपुढे. तो क्षणभर थांबला. मग त्यानं मला खाली मातीत ठेवलं आणि नुसत्या गळ्यानं ती ओळ पूर्ण केली. बायकांनी टाळ्यांवर ठेका धरला. कोणी पुढे धावलं नाही. पहिल्यांदाच ते गाणं माझ्याशिवाय पूर्ण झालं, आणि मी फाटक्या तोंडानं ऐकत राहिले.

सगळे गेल्यावर तुळजाबाईंनी मला उचललं. पदरानं माती पुसली, फाटलेल्या कातड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "झालं तुयं समाधान?"



आता मी त्यांच्या खाटेच्या वर, भिंतीला आहे. प्रितम दर पंधरा दिवसांनी येतो, मावशीला औषध आणून देतो, उरलेली गाणी विचारून लिहून घेतो. मला नवं कातडं बसवून आणतो म्हणाला, प्लास्टिकचं, कधी फाटत नाही असं. तुळजाबाई म्हणाल्या, "नको. तिले राहू दे तशी."

बापूजी मोकळे होऊन गेले. तुळजाबाई त्याला आता आंबील देतात. मी मोकळी झाले नाही, आणि मला व्हायचंही नाही. चूक असेल माझी. वाजायची मी आता नाहीच, तेवढी शिक्षा पुरे समजा. पण जाता जाता एक मागते. गाणं कोणाचंही आवडलं तर खुशाल उचला, खेडोपाडी न्या, शब्द विसरलात तर आपला घाला. त्यातलं कोणाचं मेलेलं लेकरू मात्र बाहेर काढून तिथं स्वतः बसू नका.